पिवळं पाकीट

माफी_१

"आई, त्या रविवारी यंत्रात जो बिघाड झाला त्याची बरीच कारणं असू शकतात."

हे एक वाक्य लिहायला युंग-तेला जेवणाची सगळी सुट्टी लागली. फाईल सेव्ह केली, पुन्हा उघडली, वाचली, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बिघाड झाला म्हणे! आणि वर 'बरीच कारणं'. कारण एकच होतं, आणि ते त्या वेळी कारखान्यातल्या खुर्चीवर बसून डब्यातला थंड भात चिवडत होतं.

लियाव युंग-ते, वय एकोणपन्नास. गांगशानच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात बावीस वर्षं संगणक सांभाळतो. नात्यात कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा फोन भरला, की पहिलं वाक्य ठरलेलं, 'युंग-तेला विचारा.' त्याला ते आवडायचं. वरवर कुरकुरायचा, पण आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

मागच्या वर्षी कारखान्यानं जुने संगणक मोडीत काढले. त्यातला एक त्यानं घरी आणला, दोन नव्या डिस्क बसवल्या, फाईली वाटून घ्यायची फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि तीन रविवार खपून घरचा सर्व्हर उभा केला. इंटरनेटची तार पुढच्या खोलीत येते, म्हणून तो ठेवला देव्हाऱ्याखालच्या फळीवर. वर पूर्वजांच्या नावांची पाटी, खाली भुणभुणणारी काळी पेटी.

"उदबत्तीची राख जाईल आत," त्याची बायको पेइ-रू म्हणाली.

"जाळी लावतो ना."

बाबांच्या हत्यारपेटीत जाळीचा तुकडा होता. तो कापून त्यानं पेटीच्या पंख्यावर ताणून बसवला. बाबांचा धंदाच तो. डासांसाठी दारं-खिडक्यांना ज्या जाळ्या असतात, त्या बदलून द्यायच्या. छोटा टेम्पो, टपावर भोंगा, भोंग्यात बाबांचाच आवाज. "जाळीची दारं, जाळीच्या खिडक्या! फाटली असेल तर शिवू, गेली असेल तर नवी लावू!" अख्खं गांगशान त्या आवाजाला ओळखायचं.

त्या आवाजाची कॅसेट धाकट्या बहिणीनं, हुई-चुननं, तैपेईत नेऊन संगणकावर उतरवून घेतली होती. उतरवताना फीत यंत्रात गुरफटली आणि तुटली, पण तोवर काम झालं होतं. त्यात नुसती आरोळी नव्हती. आरोळीआधीची अकरा मिनिटंही होती. बाबा पुन्हा पुन्हा चुकतायत, 'शिवू'च्या जागी 'लावू' म्हणतायत, आणि मागे माईक धरून बसलेली तिशीतली आई हसून हसून बेजार झालीये. बाबा गेल्यापासून आई तीच अकरा मिनिटं ऐकायची. आरोळी नाही.

हे सगळं हुई-चुननं एका परदेशी कंपनीच्या साठवणीत ठेवलं होतं. युंग-तेच्या ते डोळ्यांत खुपायचं.

"परक्याच्या कोठीत किती दिवस ठेवणार? उद्या त्यांनी कुलूप बदललं तर? इकडे आण सगळं आणि ते खातं बंद करून टाक."

"आणि तुझी पेटी बंद पडली तर, दादा?"

"दोन डिस्क आहेत गं. एक गेली तर दुसरी. मी बावीस वर्षं काय गवत उपटतोय का?"

"बरं बाबा. तुझ्यापुढे कोण बोलणार!"

तिनं आणलं. खातं बंद केलं. सगळ्यांच्या फोनमध्ये 'घर' नावाचा फोल्डर आला. लग्नं, बारशी, आजोळ, बाबांचा आवाज, सगळं त्यात. चौदा जणांच्या कौटुंबिक ग्रुपवर टाळ्यांचे स्टिकर पडले. युंग-तेनं ते मोजले होते.

माफी_२

"आई, तू पाकीट बदललंस हे खरं, पण नुसत्या पाकिटानं काही होत नसतं."

ही पहिलीपेक्षा वाईट. 'हे खरं' कशाला?

पाकिटाचं असं आहे. इथली रीतच आहे, यंत्र नीट चालावं म्हणून त्याच्यावर एक खाऊचं पाकीट ठेवायचं. खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखा वाग'. पाकीट हिरवंच हवं, नारळाच्या चवीचं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं ठेवलं की यंत्र कुरबुर करतं. ते फोडायचं नाही, खायचं नाही, आणि तारीख उलटू द्यायची नाही. कारखान्यात प्रत्येक यंत्रावर एक आहे. मोठमोठे इंजिनिअर हसत हसत ठेवतात आणि तारीख मात्र न हसता बघतात.

घरच्या पेटीवरचं पाकीट आई पुसायची. एका गुरुवारी तिला दिसलं की तारीख उलटून गेलीये. ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. हिरवी संपली होती. रिकाम्या जागेपेक्षा बरं म्हणून तिनं पिवळं आणून ठेवलं, पंचमसाल्याचं.

आणि रविवारी दुपारी तीन वाजता युंग-ते तिसरी, मोठी डिस्क घेऊन बसला. हुई-चुनचा तो प्रश्न मनात टोचत होता. सगळ्याची वेगळी प्रत करून ठेवायची आणि मग तिला सहज सांगायचं, असा बेत. आज्ञा साधीच असते. आधी लिहायचं कुठून, मग लिहायचं कुठे. शेवटी एक खूण, की जे पहिल्यात नाही ते दुसऱ्यातूनही काढून टाक, म्हणजे दोन्ही हुबेहूब सारखी होतात.

त्यानं उलटं लिहिलं. रिकाम्यातून भरलेल्यात.

चार सेकंद. पेटीतल्या दोन्ही डिस्क एकमेकींचा आरसा होत्या, त्यामुळे एक पुसली तशी दुसरीही पुसली गेली. मग फोनांतले फोल्डर रिकामे व्हायला लागले. आधी पेइ-रूचा, मग त्याचा, मग तैपेईतला. घाबरून त्यानं फाईली परत आणणारा एक प्रोग्राम त्याच डिस्कवर चढवला, म्हणजे उरलंसुरलं त्याखाली गाडलं. पुढे काओशुंगच्या एका दुरुस्तीच्या दुकानातून काही फोटो अर्धवट परत आले. आवाज आला नाही.

त्याच दुपारी ग्रुपवर हुई-चुननं विचारलं, "दादा, घर रिकामं का दिसतंय?"

युंग-तेनं फोन उचलला. आणि काय लिहिलं?

"आईनं पिवळं पाकीट ठेवलं होतं ना! रुसली पेटी."

धडाधड हसणारे स्टिकर आले. मावशीनं लिहिलं, "ताई, काय गं हे!" भाच्यानं रडणारी पेटी पाठवली. एवढ्या हसण्यात 'पण झालं काय नेमकं?' हे कुणीच विचारलं नाही. पाच मिनिटांनी आवाजही गेला हे कळलं, तेव्हा हसणं थांबलं, पण कारण तेच राहिलं. पिवळं पाकीट.

माफी_३

(रिकामी. सेव्ह मात्र केली.)

त्यानंतर आईनं फोनला हात लावणं सोडलं. रोज सकाळी सव्वासहाला ती ग्रुपवर कमळाचं चित्र पाठवायची, 'सुप्रभात, तब्येत सांभाळा'. ते बंद झालं. पेटी पुसणं बंद. टीव्हीचा रिमोटही ती पेइ-रूकडे द्यायची. "तू दाब गं. माझ्या हातून काहीतरी व्हायचं."

"आई, रिमोट आहे तो," पेइ-रू म्हणायची.

"पाकीट पण पाकीटच होतं."

हे ऐकून युंग-ते सूप पीत राहायचा. वाडगा तोंडाशी धरला की चेहरा झाकतो, हे त्याला त्या दिवसांत कळलं.

माफी_शेवटची

"आई, चूक माझी होती, पण त्या दिवशी मी फार थकलो होतो आणि"

माफी_शेवटची_खरी

"आई, चूक माझी होती. पण"

तीन महिन्यांनी बाबांची पुण्यतिथी आली. हुई-चुन सकाळच्या गाडीनं आली, दुपारी पावणेचारला तिची परतीची गाडी. देव्हाऱ्यापुढे पानं मांडली. उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, बांबूच्या कोंबांचं सूप, तांदळाच्या दारूचे तीन इवले पेले. उदबत्त्या अर्ध्यावर आल्या तशी आईनं लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. बाबांनी होकार दिल्याशिवाय पानं उचलायची नाहीत. एक सपाट, एक फुगीर पडली म्हणजे होकार.

"अहो, झालं का जेवून?"

दोन्ही सपाट. म्हणजे बाबा नुसतेच हसले, उत्तर नाही. आई थांबली, पुन्हा टाकल्या. दोन्ही फुगीर. नाही. दहा मिनिटांनी पुन्हा. नाही.

"कोंबडी चिवट झाली असेल," हुई-चुन म्हणाली. "कुणी उकडली? वहिनी, तूच ना?"

"मासा तू तळलास, तो आधी बघ," पेइ-रूनं सुनावलं.

आई हसली नाही. आणखी एकदा टाकल्या. नाही. सुपावर तुपकट साय धरली. मग ऑपरेशन झालेला गुडघा हातानं दाबत आई खाली बसली आणि कपाळ जमिनीला लावलं.

"अहो, मला काही कळत नाही त्यातलं. पाकीट मी बदललं. हिरवं नव्हतं म्हणून पिवळं ठेवलं. तुमचा आवाज माझ्या हातानं गेला. माझ्यावर काय तो राग धरा, पोरांच्या घरी जेवायचं सोडू नका."

युंग-तेच्या खिशातल्या फोनमध्ये पाच फाईली होत्या. त्यातली एकही कामाला आली नाही.

"आई, ऊठ," तो म्हणाला. "पाकिटाचा काही संबंध नाही. मी पुसलं सगळं."

"म्हणजे?" हुई-चुन वळली.

"रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवली. उलटं लिहिलं मी."

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. चार सेकंदांत."

"आणि तीन महिने ही बाई रिमोटला हात लावत नाहीये, आणि तू—" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "गवतच उपटत होतास तू, दादा. बावीस वर्षं."

आई अजून जमिनीवरच होती. तिनं आवाजाबद्दल काही विचारलं नाही.

"मग ग्रुपवर लिहिलंस ते?"

"चेष्टा होती, आई."

"सगळे हसले होते."

"हो."

"मीही हसले," आई म्हणाली. "मग वर जाऊन बसले."

पेइ-रू भिंतीकडे बघत होती. आईनं हात वर केला, युंग-तेनं धरून उठवलं. उभी राहिल्यावर तिनं त्याचा हात सोडला आणि चंद्रकोरी त्याच्या तळव्यात ठेवल्या.

"मला काय सांगतोस, आ-ते?" तिनं लहानपणीच्या नावानं हाक मारली. " ज्याचा आवाज गेला त्याला सांग. नाव-गाव सगळं नीट. आणि ते डिस्क-बिस्क नको, त्यांना कळायचं नाही."

एकोणपन्नास वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसला. समोर, खालच्या फळीवर, पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बाबा, मी युंग-ते, तुमचा थोरला, इथेच राहतो. चांगली जाळी होती, मी भोकाचं माप घेतलं आणि त्या मापानं चांगली जाळी कापून टाकली. घाईत. मला सगळं येतं असं वाटायचं म्हणून. आणि कुणी कापली असं विचारलं तेव्हा आईकडे बोट दाखवलं."

टाकल्या. दोन्ही सपाट. हसले.

"पुन्हा," आई म्हणाली.

"पुन्हा टाकू?"

"पुन्हा सांग."

त्यानं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी 'घाईत' गळलं. बोट दाखवल्याचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. चंद्रकोरी फरशीवर आपटल्या. एक सपाट. दुसरी गरगरत देव्हाऱ्याच्या पायाशी गेली आणि फुगीर बाजू वर करून थांबली.

आईनं वाकून बघितलं. "जेवले," ती म्हणाली. "पानं उचला. गार झालं सगळं."

दारात बूट चढवताना हुई-चुन त्याच्याकडे न बघता बोलली. "चेष्टा ग्रुपवर केलीस ना? मग हेही तिथेच लिही." आणि स्टेशनला निघून गेली. एरवी तो सोडायला जायचा.

त्यानं लिहिलं. ही फाईल नव्हती, हिला नावही नव्हतं.

"पाकिटामुळे काही झालं नव्हतं. फाईली माझ्या चुकीमुळे पुसल्या गेल्या. मला तेव्हाच कळलं होतं. मी आईचं नाव घेतलं. युंग-ते."

खाली आकडा आला, वाचलं ३. मग ७. संध्याकाळपर्यंत वाचलं १३. सगळे. एकही स्टिकर नाही, एक शब्द नाही. आजवर तो या ग्रुपवर काहीही टाकायचा आणि कुणीतरी अंगठा दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. कमळ. 'सुप्रभात, तब्येत सांभाळा.' ते ग्रुपवरच्या सगळ्यांना आलं होतं, त्यातला एक तो, एवढंच. तरी तो जिना उतरून खाली गेला.

आई पेटीसमोर स्टुलावर बसली होती. पंख्यावरची बाबांची जाळी तिनं पुसून ठेवली होती. मांडीवर ते पिवळं पाकीट. तीन महिने तिनं ते तांदळाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळून लपवलं होतं. आता फोडलं होतं आणि ती एकेक खात होती, कुडुम कुडुम.

"घे," ती म्हणाली. "तारीख आहे अजून."

त्यानं एक उचलून तोंडात टाकला. चावला तर आवाज होईल म्हणून चावला नाही. बडीशेप-दालचिनीची चव हळूहळू जिभेवर पसरली. आई पुढचा घास खात होती, आणि तो तोंड मिटून, तो खाऊ आपोआप विरघळायची वाट बघत तिच्यासमोर उभा राहिला.