कंदीलवाल्याचं दार

मार्गशीर्षातली सकाळ होती. मुठेच्या पाण्यावरचं धुकं पुलाच्या कमानींना बिलगून बसलं होतं आणि पूर्वेकडून आलेलं कोवळं, केशरी, किंचित आळसावलेलं ऊन जुन्या बाजारावर हलक्या पावलांनी उतरत होतं. उतरत होतं पितळी घंगाळांवर, मुक्या घड्याळांवर, पाती गळालेल्या पंख्यांवर. नवं काय, जुनं काय, उन्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते सगळ्यांवर सारखंच पडत होतं.

त्या भंगारवैभवी नगरीतून, अंथरलेल्या ताडपत्र्यांच्या अरुंद वाटांतून एक बाई चालली होती. शालन भिलारे, वय वर्षं एकसष्ट. अंजिरी काठाची सुती साडी, पायात नातवाचे जुने कापडी बूट, खांद्याला नायलॉनची पिशवी. बाकीच्या बाया कढया उचलून टिचक्या मारून पाहत होत्या. शालनचे डोळे मात्र पिवळा रंग शोधत होते. तिला हवी होती व्हिडिओ गेमची कॅसेट, तळहाताएवढी, पिवळ्या प्लॅस्टिकची, नव्वदीतली.

तीन वर्षं तिची ही मृगया चालली होती. बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिकची दुकानं, भवानी पेठेतली भंगाराची गोदामं आणि दर रविवारी हा बाजार. तिचे हात आता जाणते झाले होते. नुसतं हातावर तोलून ती सांगे, आत सर्किट आहे की पोकळ वासा. कॅसेटच्या तांबूस दातांवरची झळाळी पाहून सांगे, चालेल की नाही. आणि भाव करावा तर शालननेच. हवी ती वस्तू डाव्या हाताने बाजूला सारायची, नको त्या किटलीवर पाव तास घालवायचा आणि उठता उठता कंटाळलेल्या सुरात म्हणायचं, ही पण टाका त्यात. मोबाइलवर किमती पाहून येणारी शौकीन पोरं तिच्याकडे पाहत राहायची. पाहू देत. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

पण शालनला हवा होता एकच खेळ. नाव त्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेटवर मोटरसायकलचं चित्र आणि आत मोटरसायकलचा मागमूस नाही, अशी त्या काळची सगळीच तऱ्हा. आत होता कंदील घेऊन किल्ला चढणारा एक बुटका माणूस. भिलाऱ्यांच्या घरात त्याला कंदीलवाला म्हणत. मोटरसायकलवाल्या अकरा कॅसेट तिने आजवर घेतल्या होत्या. अकराच्या अकरा भलत्याच निघाल्या.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या दिराने, संपतने, पहिल्या पगारात घरी व्हिडिओ गेम आणला. संध्याकाळ त्याची, सुट्टी मुलांची. दुपार मात्र शालनची. भांडी झाली, पोरं शाळेत गेली, की पंख्याखालच्या त्या निःशब्द, निवांत, निळसर दुपारी ती कंदील उचलायची. चौथ्या स्टेजला एक काळं दार लागे. तिथे संगीत थांबे, माणूस थांबे, बटणं दाबून बोटं दुखली तरी काही हलत नसे. कॅसेट अडकते, असा संपतने निकाल दिला होता.

आणि एका दुपारी दूध उतू गेलं. हातातला रिमोट टाकून शालन ओट्याकडे धावली. गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, ओटा पुसला, फडकं पिळलं. परत आली तर काळ्या दाराला मधोमध उजेडाची रेघ पडली होती. दार उघडत होतं. ती खाली बसते न बसते तोच वीज गेली.

रात्री तिने ते सगळ्यांना सांगितलं. संपत पोट धरून हसला. दूध उतू जाईपर्यंत वहिनींना डुलकी लागली असणार, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ती कॅसेट दुकानदाराला परतही करून टाकली. तेव्हापासून घरात एक म्हणच पडली. शालन काही म्हणाली, की कुणीतरी म्हणणार, उघडलं वहिनींचं दार. बारशाला तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. धाकट्या सुनेला तर अर्थ कळायच्या आधी ते वाक्य पाठ झालं. शालन सगळ्यांबरोबर हसे. पण ते हसू तिला सत्तावीस वर्षं टोचत होतं.

आज संपत तिच्याबरोबर होता. पन्नास ओलांडलेला, देहाने सुटलेला, स्कूटरच्या कार्ब्युरेटरसाठी आलेला. वहिनींच्या कॅसेटवेडाची त्याने वाटेतच दोनदा थट्टा करून घेतली होती.

बशीरभाईंची ताडपत्री बाजाराच्या टोकाला, नदीच्या अंगाला. मध्ये मोटारीच्या बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेम. घेतलेला माल परत नाही, म्हणून चालवून पाहायचं ते इथेच, हा त्या बाजाराचा धर्म. शालनने डाव्या हाताने एक कॅसेट बाजूला सारली. तिच्यावर मोटरसायकल होती.

बशीरभाई सच्चा माणूस. त्यांनी हात आडवा केला. "ती नका घेऊ ताई. दोनदा विकली, दोनदा नियम मोडून परत घ्यावी लागली. चौथ्या स्टेजला अडकते."

तीन वर्षं जी खूण शालनला कुठल्याही चित्रात सापडली नव्हती, ती या माणसाने दोष म्हणून तिच्या ओंजळीत टाकली होती. पण चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. तिने किटलीचा भाव विचारला. किटलीची चोच वाकडी आहे म्हणाली, झाकण सैल आहे म्हणाली, आणि उठता उठता, अडकणारी का असेना, ती पिवळी पण टाका, म्हणाली. आधी पैसे बशीरभाईंच्या हातावर ठेवले. मगच, चालवून बघते, म्हणाली.

कॅसेटमध्ये तिने एक हलकी फुंकर मारली. पडदा थरथरला, निळा झाला, काळा झाला आणि काळ्यातून कंदील उजळला. तोच बुटका माणूस, तोच किल्ला, त्याच ठेंगण्या पायऱ्या. शालनचे अंगठे चालू लागले. त्यांना काही आठवावं लागलं नाही. पहिली स्टेज, दुसरी, तिसरी. कॅसेट चाळणारी दोन पोरं चाळायची थांबली. संपत कार्ब्युरेटर हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला.

आणि काळं दार आलं. संगीत थांबलं, माणूस थांबला.

"अडकली," संपत म्हणाला आणि सवयीने त्याने रीसेटच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका, भाऊजी."

आवाज चढलेला नव्हता, तरी संपतचा हात मागे आला. शालनने रिमोट ताडपत्रीवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बटण दाबलं की दाराची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे तिने त्या एका दुपारवरून ताडलं होतं. सगळं जग दार दाबत होतं. दाराला हवी होती थोडी उसंत.

पण किती? तिच्याजवळ घड्याळ नव्हतं, मोजायला फक्त ती जुनी दुपार होती. तिने मनातल्या मनात गॅस बंद केला. पातेलं उतरवलं, फडकं ओलं केलं. शेगडीखालचं पुसलं, कोपऱ्यातलं पुसलं, ओघळ फरशीवर आला होता तोही पुसला. धुकं विरत होतं, कुणीतरी हातोडीने पत्रा सरळ करत होतं, पोरांनी चुळबूळ केली, बशीरभाईंनी मान हलवली. पडदा काळाच होता. शालनला भीती वाटली, खरंच वाटली, की त्या दुपारी आपल्याला डुलकीच लागली असेल. तिने फडकं पिळलं. पुन्हा एकदा पिळलं.

काळ्या दारावर उजेडाची रेघ उमटली.

बारीक, उभी, सोनेरी. मग बोटभर, मग वीतभर. दार उघडलं, सताड उघडलं, आणि कुणीच कधी न ऐकलेलं एक चिमुकलं, किणकिणतं संगीत त्या भंगारावर सांडलं. बशीरभाई उठून उभे राहिले. शालनची मान अभिमानाने ताठ झाली.

संपतने हातातला कार्ब्युरेटर खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरी गेल्यावर सगळ्यांसमोर मीच सांगतो."

"सांगा," शालन म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आत काय आहे?" त्याने विचारलं.

"मी तरी कुठं बघितलंय?" तिने खांद्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली, किटली बशीरभाईंच्या हातात दिली आणि रिमोट उचलला.

कंदीलवाला उंबरा ओलांडून आत गेला. आत पायऱ्या होत्या, निळ्या पायऱ्या, लखलखत्या पायऱ्या, वर वर जाणाऱ्या. भर उन्हात, भर बाजारात शालन एकेक पायरी चढत गेली. आणि मागे ते दोघे थोराड पुरुष, एक पिशवी घेऊन, एक किटली घेऊन, मुकाट्याने, माना उंचावून, बघत राहिले, बघत राहिले.