मेलबर्नचे दुपारचे दोन

सुवर्ण थपलिया ब्रिस्बेनमध्ये चार वर्षं काढून नेपाळात, पाटणला परतले, ते दोन गोष्टी घेऊन: कॉफीचं यंत्र आणि ऑस्ट्रेलियाबद्दलची सर्वज्ञता. यंत्र महिन्याभरात बिघडलं.

मी रोजिना शाक्य, त्यांच्या कंपनीत चाचण्या घेते. म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, आणि मग त्या चुका नाहीतच हे मुकाट ऐकून घ्यायचं.

आमचं ॲप दुभाष्यांसाठी आहे. ऑस्ट्रेलियातल्या दवाखान्यात नेपाळी पेशंट बसलेला असतो आणि डॉक्टरचं बोलणं त्याला काठमांडूतून कुणीतरी व्हिडिओवर समजावतं. दुभाष्याच्या वेळा आम्ही एका कॅलेंडर फाइलमध्ये भरून देतो. ती उघडली की सगळ्या वेळा त्याच्या मोबाइलच्या कॅलेंडरात जाऊन बसतात.

असारमध्ये, म्हणजे आषाढात, मला त्या फाइलमधली चूक सापडली. 'दर मंगळवारी मेलबर्नचे दुपारचे दोन' अशी नोंद केली, तरी फाइलमध्ये मेलबर्नचं नाव जातच नव्हतं. आमचा प्रोग्राम पहिल्या मंगळवारचे दोन जागतिक वेळेत बदलायचा आणि तोच आकडा वर्षभर दामटायचा.

मी थपलिया सरांच्या टेबलापाशी गेले. "सर, आत्ता मेलबर्नचे दोन म्हणजे आपले पावणेदहा. पण ऑक्टोबरात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. मग त्यांचे दोन म्हणजे आपले पावणेनऊ. फाइल मात्र पावणेदहाच सांगत राहील. वेळेसोबत शहराचं नाव लिहिलं, तर मोबाइल आपलं आपण बघून घेतो."

"रोजिना, तू कधी गेलीयस ऑस्ट्रेलियाला?"

"नाही."

"मी चार वर्षं राहिलोय. एकदाही घड्याळाला हात लावला नाही."

"ब्रिस्बेनमध्ये नसतील लावत. मेलबर्नमध्ये लावतात."

"एकाच देशात?" ते असे काही हसले की बाकीच्यांनाही हसावं लागलं. मी सिस्टममध्ये नोंदवलेल्या तक्रारीखाली त्यांनी लिहिलं, 'चूक नाही. बंद.' मी पुराव्यासकट पुन्हा भांडायला हवं होतं. नाही भांडले. पगारवाढ दोन महिन्यांनी, भदौमध्ये होती.

ऑक्टोबरात दशैं, म्हणजे आमचा दसरा, सरला, ऑफिस उघडलं. कपाळावरचा अक्षतांचा टीका जेमतेम उतरला होता, तोच एका गुरुवारी मेनुका बराल दारात उभ्या राहिल्या. बुटवलच्या रुग्णालयात वीस वर्षं नर्स होत्या, आता दुभाष्याचं काम करतात. आवाज बारीक, पण वॉर्डभर पोचणारा.

"तुमची फाइल कोण बनवतं?"

सर पुढे झाले. "बोला ना, दिदी. चहा घेणार?"

"चहा नको. मंगळवारी तुमच्या फाइलने पावणेदहा सांगितले. मी पाच मिनिटं आधी जोडून बसले. तिकडे कुणी नाही. मग तिथल्या सिस्टरचा फोन आला, तासभर उशीर केलात म्हणून."

"अरेरे. कधीकधी नेटवर्क..."

"नेटवर्क नाही, बाबू. पेशंट लमजुङचे म्हातारबा, मुलाकडे राहायला गेलेले. त्यांच्या पोटाचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी वीस मिनिटं माझी वाट बघितली आणि शेवटी सुनेला म्हणाले, तुम्हीच सांगा. कॅन्सर म्हणून सासऱ्याला कसं सांगायचं तिने? म्हणाली, बाबा, गॅस्ट्रिक आहे. म्हातारबांनी डॉक्टरांना हात जोडले, खुशीत घरी गेले आणि संध्याकाळी टिमूरची तिखट चटणी मागून खाल्ली. सून बाथरूममध्ये जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनेच सिस्टरला हे सगळं सांगितलं."

सरांना अजून बोलायचं होतं.

"वाईट झालं, दिदी. पण आपणही एकदा तिकडची वेळ बघून घ्यायची ना. एका तासाचाच तर प्रश्न होता."

मेनुका दिदींनी त्यांच्याकडे, इंजेक्शनला घाबरणाऱ्या धडधाकट माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मीच बघायची असेल, तर तुम्ही कशाला बसलाय इथे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माझी असारमधली तक्रार स्क्रीनवर उघडली आणि स्क्रीन दिदींकडे फिरवली. त्यांनी 'चूक नाही. बंद.' हे शब्द बोट ठेवून वाचले. खाली सरांचं नाव होतं.

"आणि तू?" त्या मला म्हणाल्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. सरांना जे बोलल्या, त्यापेक्षा ते मान हलवणं मला जास्त लागलं.

दुरुस्तीला एक दुपार पुरली. वेळेसोबत शहराचं नाव गेलं, आणि वर्षभराचे मंगळवार मी एकेक करून तपासले. सोमवारी सरांनी सगळ्या ग्राहकांना पत्र पाठवलं: 'आमची नवी जागतिक वेळप्रणाली!' पत्रात त्यांचा हाताची घडी घालून काढलेला फोटो होता. ऑफिसला मोमो मागवले. मी खाल्ले नाहीत. तेवढंच माझं शौर्य.

मंगळवारी साडेनऊनंतर दिदींचा फोन आला.

"पावणेनऊलाच जोडले. सांगितलं म्हातारबांना."

"काय म्हणाले?"

"मला लेकीसारखं 'नानी' म्हणत विचारलं, हे तुम्हाला गेल्या आठवड्यात माहीत नव्हतं का?"

"मग?"

"म्हटलं, माझी वेळ चुकली, बाबा. तुमच्या साहेबांची टाइमझोनची विद्वत्ता त्या माणसाला कुठे समजावत बसू?" मग त्या कामाचं बोलल्या. "पुढच्या मंगळवारी ऑपरेशनचं बोलणं आहे. वेळ मी सिस्टरलाच विचारून घेतली."