हिरडीतलं पांढरं टोक

सभागृहाच्या दारापर्यंत माणसं दाटली होती. मंचावर दंतबाबांनी शिष्याला तोंड उघडायला लावलं आणि पहिल्या रांगेतल्यांना वर बोलावलं. "ओढा. कवळी असली तर हातात येईल." चौघांनी ओढून पाहिलं. दात जागचे हलले नाहीत. काही महिन्यांपूर्वी याच मंचावर त्याचं बोळकं सगळ्यांनी पाहिलं होतं. मधल्या काळात तो म्हणे एकांतात लेप लावून बसला होता. बाबांच्या मते दातांची मुळं शरीरात झोपलेली असतात, त्यांना फक्त हाक मारावी लागते. ते काम डबीतला लेप करी.

गर्दीत एक क्लॅरिनेटवादक होता. जिन्यावरून पडून त्याचे वरचे पुढचे दात गेले होते. वाद्याचं तोंड त्याच दातांना टेकतं. कवळी हलायची, सूर फाटायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हाडात स्क्रू घालून पक्के दात बसवायचं सुचवलं होतं. पण बाबांचा शिष्य म्हणजे वादकाचा साडू. "हाडाला भोकं कशाला पाडून घेतोस? माझ्याकडे बघ," तो म्हणाला. घरच्या माणसावर संशय कोण घेणार?

लेपाने हिरडी पेटली. बायकोने समजूत घातली की तान्ह्या पोरांनाही दात येताना त्रास होतोच. मग एका सकाळी हिरडीत पांढरं, टणक टोक दिसलं. तिने शेजारपाजार बोलावून दाखवलं. साडूने पाठ थोपटली. वादक कितीतरी दिवसांनी हसला.

टोक वाढलं, तशी दुर्गंधीही वाढली. शेवटी बायकोने वादकाला आणि त्याच्या साडूलाही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बराच वेळ तपासलं.

"हा दात नाही. हे तुमच्या जबड्याचं हाड आहे. लेपाने हिरडी जळाली, हाड उघडं पडलं आणि मेलं."

"मग भाऊजींचे कसे आले?" बायकोने विचारलं.

साडू आपणहून उठून एक्स-रेच्या खुर्चीत बसला. पडद्यावर त्याच्या जबड्यात आटे असलेले स्क्रू ओळीने उभे दिसले. बाईंनी सांगितलं, स्क्रू बसवून वर हिरडी शिवली की तोंड रिकामंच दिसतं. काही महिन्यांत हाड स्क्रूला घट्ट धरतं, मग त्यावर दात चढवतात. ते ओढून निघत नाहीत. एकांत तो एवढाच. परगावच्या दवाखान्यात, बाबांच्या खर्चाने, साडूने कबूल केलं.

"लेपाने गुण येणार नाही, एवढंच मला वाटलं होतं," साडू म्हणाला. "असं होईल हे माहीत नव्हतं रे."

वादकाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मलाही तसेच बसवा ना, बाई."

"कशात बसवू? आधी मेलेलं हाड काढावं लागेल. पुढे तिथे हाड भरून बघू. पण वाजवण्याचा जोर ते सोसेल, असं वचन मी देणार नाही."

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मोठ्या माणसाचा गेलेला दात पुन्हा उगवत नाही. कुणी उगवलेला दाखवला, तर ओढून खात्री करू नका, एक्स-रे मागा. आणि दाखवणारा आपला माणूस असेल, तर भिडेखातर गप्प बसू नका.