काळी पाचचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हणजे कपड्यांची ट्रंक समजू नका, मी हार्मोनियम. गिरगावातल्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं, आणि माझे रीड, म्हणजे आत सूर काढणाऱ्या पितळी जिभा, बोटीने परदेशातून आले. त्या प्रवासामुळे की काय, मला स्वस्थ बसवतच नाही. झाकण उघडायला कुणी उशीर केला तरी माझा जीव वरखाली होतो.

मी घाटकोपरला सुगंधाबाईंच्या घरी आले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांना उंच पट्टीत गाण्याचा फार अभिमान. त्यांनी माझ्या पाचव्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि सांगून टाकलं, "आमच्या घरातली मुलगी काळी पाचमध्येच गाणार!" पुढची नऊ वर्षं बाई त्याच पट्टीत गायल्या. गणपतीत लोक वाहवा करत, मीही फुशारून जाई. पण पंचविसाव्या वर्षी बाईंचा आवाज फाटला. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, आवाज काही परत आला नाही. मग मी बारा वर्षं कपाटावर धूळ खात पडले. रेडिओवाल्यांनीसुद्धा तेव्हा पेटीवर बंदी घालून आम्हाला दार बंद केलेलं, त्यामुळे माझी आठवण तरी कुणाला व्हावी?

१९५५ साली मला खाली काढलं ते माणिकसाठी. माणिक म्हणजे बाईंच्या भावाची चौदा वर्षांची मुलगी. तिचे वडील विक्रोळीच्या कारखान्यात कारकून होते, आणि बाई त्यांच्याकडेच राहत. मंडळाच्या गायनस्पर्धेला दोन महिने होते. बाईंनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा आपला सूर. लाव!"

माणिक सूर लावी तेव्हा तिचे खांदे कानापर्यंत चढत, मानेच्या शिरा टरटरून फुगत. मला ते बघवत नसे. भात्यातला वारा सोडून द्यावा आणि गप्प व्हावं, असं हजारदा वाटे. पण पट्टी दाबली की मला वाजावंच लागतं. महिनाभरात पोरीचा आवाज इतका बसला की शाळेत हजेरीसुद्धा देता येईना. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "सूज आहे. असंच ताणत राहिली तर आवाज कायमचा जाईल."

पंधरा दिवस मौन झालं. सूज उतरली आणि माणिकच्या वडिलांनी मुलुंडहून गाणं शिकवणाऱ्या अनंतबुवांना बोलावलं. बुवांनी एकच ओळ ऐकली आणि भाता बंद केला.

"पोरी, जांभई दे बघू."

"अहो, गाण्याला बसून जांभई?" बाई कडाडल्या.

"मोठी, आळसावून. जबडा लोंबू दे. आता खांदे खाली, श्वास पोटात घे, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला सावकाश हाक मारावी तसा 'आ' म्हण."

माणिक 'आ' म्हणत गेली आणि बुवा माझ्या एकेका पट्टीवरून खाली उतरत गेले. पांढरी चारवर तिची मान सैल झाली. आवाज भरदार आणि मोकळा आला. माझे रीड आनंदाने थरथरले, खोटं नाही सांगत.

"हा तुझा सा," बुवा म्हणाले. "यंदा स्पर्धा नाही. हेच करायचं, रोज थोडं थोडं."

"पांढरी चार? ही तर पुरुषांची पट्टी!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "लोक हसतील बुवा!"

"हसू देत ना, ताई. गळा हिचा आहे."

माणिक आपल्या गळ्यावरून हात फिरवत होती. "आत्या, अगं दुखतच नाहीये!"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे गाताना दुखायला नको असतं?"

बुवा माझ्यावरचा हात काढून त्यांच्याकडे वळले.

"माझा गळा रोज दुखायचा हो. नऊ वर्षं. मला वाटायचं, दुखला म्हणजे रियाझ नीट झाला."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. तो चढा सूर नऊ वर्षं मीच दिला होता आणि वर मिरवलंही होतं. पुढे माणिक चांगली गायला लागली, अजूनही गाते, पण सुगंधाबाईंचा आवाज काही परत आला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. गळ्याला जपा. तो ताणू नका, सैल ठेवा. दुखला तर लाजू नका, लगेच सांगा. आणि मोठ्या माणसांनो, गाणाऱ्या मुलांना "दुखतंय का रे?" एवढं विचारत जा. सुगंधाबाईंना नऊ वर्षांत ते एकानेही विचारलं नाही.