चूक त्यांचीच होती

भांडी घासता घासता सासू सुनेकडून एक वाक्य पाठ करून घेत होती. वाक्य काही अवघड नव्हतं. "चूक माझ्या नवऱ्याचीच होती, साहेब." एवढंच.

"पुन्हा म्हण."

"आई, छताखालचे खांब मुकादमानं काढायला लावले होते. ह्यांनी स्वतः सांगितलं होतं मला."

"मला काय कळत नाही? पण धाकट्याला नोकरी नको का? ही खोली गेली तर जायचं कुठं?"

खाणीचं छत कोसळून सुनेचा नवरा गेला, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. खाणी आणि तेलविहिरींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची एक जुनी रीत होती. ती नियमात कुठेच नव्हती, म्हणून काटेकोर पाळली जाई. विधवेने साहेबांसमोर आपल्या तोंडाने नवऱ्याची चूक कबूल करायची. मग मयताच्या जागी घरातला दुसरा पुरुष लागे आणि खाणीची खोली राही. मालक सुटे, खातं सुटे, आणि मेलेला माणूस काही तक्रार घेऊन येत नसे.

खातं पत्र्याच्या एका खोलीत होतं, तेव्हा आजेसासूने हे वाक्य म्हटलं. खात्याला दुमजली इमारत मिळाली, तेव्हा सासूने. आता काचेची इमारत झाली होती, लिफ्ट आली होती, आणि पाळी सुनेची होती. खात्याची भरभराट या घराइतकी जवळून कुणी पाहिली नसेल.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी आधी पाणी मागवलं. "बोला ताई, घाबरू नका. नेहमीचंच आहे."

धाकटा दीर दाराशी मान खाली घालून उभा होता.

"चूक त्यांची नव्हती," सून म्हणाली. "तुम्ही तपासणीला येणार हे आधी कळवता. तेवढ्यापुरते खांब लावतात आणि तुमची गाडी गेली की काढतात. तुम्हाला हे माहीत आहे, साहेब."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. तिला शाबास म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं.

शेजारी बसलेली सासू उठली. "पोरीचं दुःखानं डोकं फिरलंय, साहेब. मी त्याची आई, मी सांगते. चूक माझ्या मुलाचीच होती. लहानपणापासूनच धांदरट."

धांदरट! झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदा तपासणारा तो माणूस. सुनेला वाटलं, नवरा आत्ता खरा मेला.

"आईनं सांगितलं तरी चालतं," साहेब सुटकेच्या स्वरात म्हणाले.

पहिल्या पाळीच्या दिवशी दीर उंबऱ्यात घुटमळला. "वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार मी."

नको म्हणायला तिच्याजवळ दुसरं काय होतं? "छताकडे लक्ष ठेवा, भावजी," ती म्हणाली.

सासू डबा भरत होती. तिकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या वर्षी ह्याचं लग्न उरकून टाकू. घरात ह्याची बाई हवी."

सून तिच्याकडे वळली. "तिला मी ते वाक्य शिकवणार नाही, आई."

"मी आहे ना अजून," सासू म्हणाली, आणि डब्याचं झाकण बसवू लागली. ते काही केल्या बसेना.