फाटकाच्या आत

पाचवीत हेलन बापाच्याच शाळेत आली, त्या दिवशी शमुवेल सरांनी तिला शाळेच्या फाटकाशी थांबवून बजावलं, "फाटकाच्या आत असलीस, तर मला 'सर' म्हणायचं. कळलं?" हेलनला कळलं. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की शाळा सुटल्यावर एक पाय रस्त्यावर पडायचा अवकाश, ती "पप्पा!" म्हणून जोरात हाक मारायची. दिवसभर तोंडात दाबून ठेवलेला शब्द तो, बाहेर पडताना असा उसळायचा. पुणतांब्याच्या त्या रस्त्यानं ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टरवालेसुद्धा हसायचे.

नववीत सरांनी भूमितीतली सशर्त विधानं शिकवली. जर अमुक, तर तमुक. हा सरांचा लाडका धडा. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'जर पाऊस पडला, तर अंगण ओलं होतं.' मग वर्गाकडं वळून विचारलं, "आता समजा, पाऊस पडला नाही. तर अंगण कोरडंच राहणार, बरोबर?"

सगळा वर्ग "व्हय सर!" म्हणून मोकळा झाला. हेलन तेवढी उभी राहिली. "न्हाई सर. पाऊस नसला तरी आमची मम्मी रोज सकाळी पाणी मारती."

वर्ग खो खो हसला. सरांनी मात्र खडू खाली ठेवला. "शाबास! पाऊस नाही पडला तर काय होतं, ते या विधानानं सांगितलेलंच नाही. जे सांगितलं नाही, ते पदरचं घालायचं नाही." त्या दिवशी घरी जाताना ते तिच्या खांद्यावर हात ठेवून चालले. आपल्या बापासारखा माणूस साऱ्या तालुक्यात नसेल, असं हेलनला वाटलं.

दहावीत गेल्यावर तिनं हट्ट धरला, अकरावीला सायन्स घेईन, तेही संगमनेरला होस्टेलवर राहून. तिला पुढं गणितच शिकायचं होतं. पप्पा जेवता जेवता म्हणाले, "नव्वद टक्क्यांच्या खाली आलीस, तर संगमनेर इसरायचं." झालं! पोरीनं ते वाक्य उराशी धरलं. नाताळात मैत्रिणी कॅरल म्हणत घरोघर फिरल्या, तेव्हाही ही आपली प्रमेयं सोडवत बसली.

निकाल लागला. मोबाईलवर त्र्याण्णव टक्के बघून हेलन नाचलीच. तिची आई मेरीबाई पदरानं डोळे पुसू लागली. पप्पांनी स्वतः पेढे आणून आळीत वाटले. संध्याकाळी हेलननं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि पुसायला घेतली. पप्पा दारातून बघत होते. "पेटी कशाला काढली? तुझं गावातच आर्ट्सला नक्की केलंय मी. पुढं डी.एड. कर."

"पन पप्पा, तुमीच म्हनाला हुता ना..."

"काय म्हनालो हुतो? नव्वदच्या खाली आलीस, तर इसरायचं. वर आलीस तर धाडीन, असं बोललो का कधी?" आणि वर हसून म्हणाले, "अंगनाचं उत्तर तर तूच दिलं हुतंस की गं."

हेलन फडकं हातात धरून तशीच बसली. ते वाक्य तिनं मनात उलटंसुलटं करून पाहिलं, कुठं चूक सापडते का म्हणून. चूक नव्हतीच. पण बिनचूक बोललं, म्हणजे पोटच्या पोरीला फसवायची मुभा मिळते की काय! तिचंच उत्तर तिच्या गळ्यात अडकवलं होतं बापानं, आणि ज्या दिवशी शाबासकी दिली, तो दिवससुद्धा नासवला होता.

मेरीबाई समजूत घालायला आली. "त्यांच्या मनात वाईट न्हाई गं. तुला लांब धाडायला त्यांचा जीव धजत न्हाई. आन् तुला नव्वदच्या वर पडतील, असं त्यांना वाटलंच नव्हतं."

म्हणजे पोरगी कमी पडणार, हे धरूनच अट घातली होती. एवढं मात्र हेलनला सोसलं नाही. ती पेटीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

रविवारी चर्चमध्ये पप्पांनी उभं राहून मुलीच्या यशाबद्दल देवाची उपकारस्तुती केली. उपासना संपल्यावर पाळकसाहेब आणि मंडळीतली चार माणसं घरी आली. कौतुक झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "मग, पुढं काय घेणार आमची हेलन?"

"आर्ट्स," पप्पा म्हणाले. "तिचीच इच्छा हाय."

हेलन चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं. पाहुण्यांना एकेक कप दिला आणि शेवटचा पप्पांपुढं धरला.

"चहा घ्या, सर."

पप्पा ओशाळं हसले. "अगं, घरात कुठला सर? फाटकाच्या आत असलीस तर सर म्हनायचं, असं सांगितलं हुतं ना तुला?"

"व्हय सर," हेलन म्हणाली. "बाहेर असले तर काय म्हनायचं, ते तुमी बोललाच नव्हता."

पप्पांचा हात काही पुढं आला नाही. तिनं कप त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली.