वांदेलचे खांदे

आमच्या वस्तीत मैदानाच्या कुंपणाला टेकलेला प्रत्येक जण कोच असतो. त्या दिवशी तर असे ट्रकभर कोच आले होते, वर ढोलही घेऊन.

माझा भाचा वांदेल पुढच्या महिन्यात अठराचा होणार होता. त्यानंतर अमेरिकन बेसबॉल संघांची माणसं असल्या पोरांकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे ही त्याची शेवटची निवड चाचणी. त्याची आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं, आणि या एका दिवसासाठी शाळा सोडवून कोच फाउस्तोच्या हवाली केलं. आज जमलं नाही तर पुढे काय, हा विचारही मला सहन होत नव्हता.

दोनदा तो बाद झाला होता. खांदे कानांना टेकलेले, बॅट इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

“सैल सोड रे, सैल!” फाउस्तो बोंबलला.

“श्वास घे, माठ्या!” हा आमचा न्हावी.

“हसून दाखव जरा!” मागून कुणीतरी, आणि ढोल सुरू. प्रत्येक आरोळीला त्याचे खांदे आणखी वर चढत होते.

शेवटच्या पाळीतही पहिले दोन चेंडू हुकले. आणखी एक हुकला की संपलं. मी ढोलवाल्याच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या.

“गप्प बसा मेल्यांनो!”

मग कुंपणाला तोंड लावून हाक मारली, “वांदेल!”

“आत्या, आत्ता नको गं!”

“आत्ताच ऐक. पातेल्यातली भाताची खरवड तुझ्यासाठी ठेवलीय. उशीर केलास तर तुझी बहीण फस्त करेल.”

“सगळी माझी?”

“सगळी.”

तो हसला. खांदे खाली आले. गल्लीत झाडूच्या दांड्याने बाटलीची झाकणं टोलवताना असतो, तसा उभा राहिला. चेंडू आला आणि त्याने बॅट फिरवली. इतकी मोकळी, इतकी देखणी बॅट त्याने मैदानावर कधीच फिरवली नव्हती.

चेंडू सरळ मागे बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात गेला.

सावलीतल्या अमेरिकन माणसाने पुढच्या पोराचं नाव पुकारलं. फाउस्तो जमिनीकडे बघत राहिला. मला ओरडून रडावंसं वाटत होतं.

वांदेल कुंपणाबाहेर आला आणि त्याने माझ्या गळ्यात हात टाकला. त्याचे खांदे अजून खालीच होते.

“चल आत्या, भूक लागलीय. खरवड नक्की ठेवलीस ना?”

त्या दिवशी भीतीपायी मी चूलसुद्धा पेटवली नव्हती.

“हो रे बाबा,” मी म्हणाले.